मदत हवी आहे: सांगलीत घरासाठी ब्रॉडबँड कोणते घ्यावे?

सध्या घरी ५६ केबीपीएसचे (सेकंदाला ५६ किलोबिट) डायल-अप, म्हणजे फोन लावून जोडले जाणारे इंटरनेट आहे; त्यात फोन अडकून राहतो आणि कॉलचे बिल वेगळे येते, म्हणून विश्रामबागेतील घरासाठी ब्रॉडबँड घ्यायचे ठरवले आहे. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला होता, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) सेकंदाला जेमतेम ३२ किलोबाइट. या वेगाने एक जीबी उतरवून घ्यायला सुमारे नऊ तास लागतात, तरीही मला वेगापेक्षा डाउनलोडची मासिक मर्यादा आणि ती ओलांडल्यावर लागणारा प्रति एमबी दर जास्त महत्त्वाचा वाटतो. टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँड (एडीएसएल) टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या अंतरानुसार मंदावते, तर केबलवाल्यांची लाइन अनेक घरांत वाटली जाते. दोन्ही वापरलेल्यांनी संध्याकाळी प्रत्यक्ष मिळणारा वेग, मोडेमसह एकूण खर्च आणि पावसाळ्यातील अनुभव कृपया कळवावा.