रामआळी संध्याकाळी चालणाऱ्यांना द्या

मांडवीकर: काल आईला घेऊन रत्नागिरीच्या रामआळीत गेलो. पन्नास पावलांत चार वेळा ती दुकानाच्या पायरीवर चढली, मागून हॉर्न वाजतोय म्हणून. गटारावरची एक फरशी डुगडुगते, पाय पडला की खालचं पाणी उडतं. आईला ती फरशी पाठ आहे. तिथे आली की माझं मनगट घट्ट धरते. ही आळी गाड्यांच्या मापाची नाहीच. खाली दुकान, माडीवर बिऱ्हाड, वाणी, शिंपी, देऊळ हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी 5 ते 9 गाड्या बंद करा.

आळीतला दुकानदार: आईंचे हाल होतात, मान्य. पण माझं गिऱ्हाईक पावस-जाकादेवीकडचं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीला आलेला माणूस तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, ताडपत्री घेऊन परततो. ते खांद्यावर टाकून कुठवर चालेल? तो हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाईल, आणि वर्षभरात आळीतली शटरं खाली येतील.

मांडवीकर: माथेरानला खासगी गाड्यांना बंदी आहे, बाजार चालतोच की.

आळीतला दुकानदार: तिथे लोक फिरायला जातात. इथे पावसाळ्याची बेगमी भरायला येतात.

कुवारबावहून: तुम्हाला निदान आळी तरी आहे. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावतेय, स्टेशन शहराबाहेर, आणि वस्ती इकडे सरकत आली. आमच्याकडे दुधाच्या पिशवीसाठी मिऱ्या-नागपूर हायवे ओलांडायचा. रात्री गाडीतून उतरलं की रिक्षाशिवाय गती नाही. मी दुचाकी हौसेने घेतलेली नाही. आधी एसटीच्या शहरी बस रेल्वेच्या वेळांना जोडा, उशिरापर्यंत चालवा. त्याआधी आळी बंद केलीत तर ती आम्हालाच बंद होईल.

छत्रीवाली: माझा बंदीला विरोध, पण दुकानदारांनाही एक विचारायचंय. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या घरांना पुढे पडवी होती, माणूस कोरडा चालायचा. त्या पडव्या कुणी आत घेतल्या? उरलेल्या जागेत मालाची खोकी. तेवढी वाट मोकळी करा, फरश्या पक्क्या बसवा. गाड्या असल्या तरी माणूस चालेल.

आळीतला दुकानदार: खोकी माझीही असतात बाहेर. ती उद्या आत घेतो. पडवी वडिलांनी बंद केली, ती मोडणं आता माझ्या एकट्याच्या हातात नाही.

मांडवीकर: मग मे महिना सोडून द्या. बाकीच्या महिन्यांत निदान शनिवार-रविवार तरी?

आळीतला दुकानदार: गणपतीआधीचा पंधरवडाही सोडा, मग बोलू.