बेसबॉलचा वॉर्निंग ट्रॅक: 15 फूट पुरतात का?

मैदानवेडा:
बेसबॉलच्या मैदानात गवत संपलं की भिंतीच्या आधी मातीचा नाहीतर विटांच्या चुऱ्याचा पट्टा लागतो, तो वॉर्निंग ट्रॅक. आउटफिल्डरची, म्हणजे भिंतीकडच्या भागात चेंडू अडवणाऱ्या खेळाडूची, नजर चेंडूवर असते. पायाखाली करकर लागली की भिंत जवळ आली, हे त्याला न बघता कळावं म्हणून तो पट्टा. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, तो साधारण 15 फूट रुंद असतो. तिथला सरासरी खेळाडू जीव तोडून धावताना सेकंदाला 27 फूट कापतो. म्हणजे हातात जेमतेम अर्धा सेकंद, फार तर दोन ढांगा. एवढ्यात कोण थांबणार? पट्टा 25 फुटांचा करा.

डावखुरा_नाशिक:
पूर्ण असहमत. त्या पट्ट्यावर थांबायचं नसतंच! पायाला माती लागली की खेळाडू मोकळा हात भिंतीकडे करतो, खांदा वळवतो, उडी साधतो. तेवढ्याला अर्धा सेकंद पुरतो. पट्टा रुंद केलात तर माती लागली तरी ‘भिंत अजून लांब आहे’ असं वाटेल आणि इशाऱ्याची धारच जाईल.

शिवानी_क:
दोघंही भिंतीबद्दल बोलतच नाही आहात. ब्रुकलिन डॉजर्स संघाचा आउटफिल्डर पीट रायझर 1942 मध्ये सेंट लुईसला भिंतीवर आदळला आणि त्याच्या कवटीला तडा गेला. 1947 मध्ये डॉजर्सच्या घरच्या मैदानावर, एबेट्स फील्डवर, पुन्हा तेच, तेव्हा तर अंतिम प्रार्थनेसाठी पाद्री बोलवावा लागला. त्यानंतर कुठे तिथल्या भिंतीला पॅडिंग आलं. आणि शिकागोच्या रिग्ली फील्डवर आजही वेलींच्या मागे नुसती विटांची भिंत आहे. परंपरा म्हणून हे चालवून घेणं मला अजिबात पटत नाही.

डावखुरा_नाशिक:
शिवानीताई, हे शंभर टक्के मान्य. 2017 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाचा आउटफिल्डर डस्टिन फाउलर मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्याच्या पहिल्याच डावात जायबंदी झाला. बॅट हातात घ्यायचीही वेळ आली नव्हती. गुडघा आपटला तो कडेच्या भिंतीतल्या विजेच्या पेटीवर. तिथे पट्टा होताच की.

मैदानवेडा:
होता, पण पुरला नाही, हेच तर म्हणतोय. आणखी 10 फूट असते तर एक ढांग जास्त मिळाली असती, गुडघा तेवढ्या वेगाने आपटला नसता. पॅडिंग हवंच, पेट्याही झाका. पण पॅडिंगचा उपयोग आदळल्यावर. मला त्याच्या आधीची ढांग हवी आहे.

डावखुरा_नाशिक:
ती ढांग तो चेंडूसाठीच वापरेल. पोरगा पहिला सामना खेळत होता, तो वेग कमी करेल असं खरंच वाटतं तुम्हाला?