ऑटो-राउटने टाकलेला पाइप: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. पायपिंगवाले, एमईपीवाले (इमारतीतली यांत्रिक, वीज आणि पाण्याची कामं करणारे), मशीन डिझाइनवाले सगळेच इथे दिसतात म्हणून हा धागा काढतोय. डिझाइन सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये दोन नॉझल (यंत्राला पाइप जोडायची तोंडं) सिलेक्ट करतात, ऑटो-राउट (पाइपचा रस्ता प्रोग्रॅमनेच काढायचं बटण) दाबतात आणि पाइप तयार. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते लिहा. नुसतं 'बकवास फीचर' नको, कुठे अडलं आणि पुढे काय केलंत ते सांगा. कंपन्यांची नावं टाळा प्लीज.

सुरुवात मीच करतो. पंप सक्शन, म्हणजे पंपात पाणी शिरतं ती बाजू. प्रोग्रॅमने टाकीपासून सगळ्यात कमी लांबीचा रस्ता काढला, लांबीच्या हिशोबात काहीच चूक नाही, पण एल्बो (वळणाचा तुकडा) थेट पंपाच्या तोंडाशी. आमच्याकडे सक्शनला निदान पाच डायमीटर सरळ पाइप ठेवायची पद्धत, नाहीतर पाणी इम्पेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या चाकात) वाकडंतिकडं शिरतं आणि पंप कुरकुरतो. त्यात रिड्यूसर (व्यास कमी करणारा तुकडा) कॉन्सेंट्रिक, सगळीकडून सारखा निमुळता, म्हणजे वर हवा अडकायची सोय झालीच. आडव्या लाइनला एक्सेंट्रिक (एका बाजूने सपाट), सपाट बाजू वर, हे त्याला कुणी सांगायचं? स्पेकमध्ये (वापरायच्या पार्ट्सच्या यादीत) दोन्ही होते, त्याने पहिला उचलला.

भोसरीकर
आमचं काम हायड्रॉलिक पॉवर पॅकचं. ऑटो-राउट चार-पाच पर्याय देतो, बाण दाबत बघत जायचं, छान वाटतं. पण १६ मिमी ओडी (बाहेरचा व्यास) ट्यूबला दोन बेंडच्या मधे सरळ तुकडा १०-१२ मिमीचा. बेंडिंगवाला ड्रॉइंग बघून म्हणाला, "साहेब, मशीनने पकडायचं कुठे?" क्लॅम्पला जागाच नाही. मग त्याच्याकडे जाऊन कुठल्या साइजच्या डाय (वाकवायचे साचे) आहेत, प्रत्येकीची रेडियस किती, क्लॅम्पला किती सरळ लागतं ते सगळं लिहून आणलं आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्यूब स्टाइल सेटिंगमध्ये मिनिमम सेगमेंट लेंथ (सरळ तुकड्याची किमान लांबी) आणि बेंड रेडियस तेच भरलं. आता पर्याय कमी येतात पण जे येतात ते वाकवता येतात.

स्ट्रेसवाली_ठाणे
स्टीम लाइन!! कार्बन स्टील १०० डिग्रीला मीटरमागे साधारण १.२ मिमी वाढतं. ४० मीटरची लाइन ३० वरून २०० डिग्रीला गेली की ८ सेंटीमीटर वाढ. ऑटो-राउट रॅकवरून एकदम सरळसोट नेतो आणि दोन टोकांना अँकर (पाइप घट्ट पकडलेला), बिचारा पाइप जाणार कुठे. आम्ही एक्स्पान्शन लूप (वाढ सामावून घेणारं वळण) टाकून, स्ट्रेस रन (पाइपवरच्या ताणाचं गणित) करून दिला. नंतर एक्स्चेंजर थोडा सरकला म्हणून डिझायनरने री-राउट मारला आणि लूप गायब, कारण प्रोग्रॅमच्या लेखी लूप म्हणजे फुकटची लांबी. कुणाच्या लक्षात आलं नाही, आयसोमेट्रिक (लाइनचं तिरकस ड्रॉइंग) माझ्याकडे परत आलं तेव्हा दिसलं. तेव्हापासून स्ट्रेस झालेली लाइन लॉक, आणि लॉक काढायचा तर आधी फोन.

दोहाकर
बिल्डिंग सर्व्हिसेसमधला अनुभव. रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) 'नो ऑटो-राउट सोल्यूशन वॉज फाउंड', म्हणजे रस्ता सापडला नाही, असं आलं की लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात, पण आधी राउटिंग प्रेफरन्स (कुठले जोड वापरायचे ती सेटिंग) उघडून बघा, निम्म्या वेळा तिथे रिड्यूसर किंवा टी (तीन तोंडांचा जोड) लोडच नसतो. ड्रेनेजचं दुखणं वेगळं. स्लोप १:१०० म्हणजे १२ मीटरला १२० मिमी खाली, शाफ्टपर्यंत (उभ्या पाइपांच्या जागेपर्यंत) पोचेस्तोवर पाइप फॉल्स सीलिंगच्या बाहेर किंवा बीमच्या पोटात. बीम प्रोग्रॅमच्या गावीही नसतो, तो क्लॅश चेकलाच (मॉडेलमध्ये काय कशावर आदळतं ते तपासताना) कळतो. त्यामुळे ड्रेनेज आम्ही हातानेच आणि सगळ्यात आधी टाकतो, पाण्याच्या लाइनी वरखाली होऊ शकतात, ही होत नाही.

ड्रॉइंगबोर्ड_काका
मी कोल्हापूर भागात साखर कारखान्यांची पायपिंग केली, बोर्डवर, पेन्सिलने. लाइन काढायच्या आधी ऑपरेटरला विचारायचो, बाबा तू उभा कुठे राहतोस. व्हॉल्व्हचं चाक छातीच्या उंचीला हवं, डोक्यावर नको. परवा एका मुलाने मॉडेल दाखवलं, लाइन देखणी, क्लॅश शून्य, आणि व्हॉल्व्ह फ्लोअरपासून साडेतीन मीटरवर. म्हटलं शिडी कोण देणार?

कोडवाला
काका, तुमचा ऑपरेटर आमच्या कॉस्ट फंक्शनमध्ये (रस्ता किती महाग ते मोजणाऱ्या सूत्रात) नसतो हीच गोची आहे 🙂 मी राउटिंगचा कोड लिहितो म्हणून आतली बाजू सांगतो. मूळ कल्पना ली यांच्या १९६१ च्या अल्गोरिदमची, जागेचे चौकोन पाडायचे आणि सुरुवातीपासून लाट पसरवत न्यायची. १९६८ चा ए-स्टार अल्गोरिदम त्याहून हुशार, टोकाच्या दिशेने अंदाज बांधत जातो. पण ५० बाय ३० बाय २० मीटरच्या युनिटला ५० मिमीचे ठोकळे पाडले तर २४ कोटी होतात, ठोकळा निम्मा केला की आठपट. आणि खरी भानगड क्रमाची. पहिल्या पाइपला राजमार्ग, शेवटचा बिचारा सात एल्बो घेत फिरतो. म्हणून मोठे व्यास आणि उताराच्या लाइनी आधी सोडायच्या, अडलं की काही लाइनी उखडून परत टाकायच्या, पीसीबीवाले (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड काढणारे) तेच करतात. प्रत्येक एल्बोला दंड लावायचा. व्हॉल्व्हपुढची उभं राहायची जागा आम्ही आता अडथळा म्हणून भरतो, भिंत असल्यासारखी.

अनामिका
मी ऑटो-राउटच्या बाजूने बोलते. टेंडरला मटेरियल टेकऑफ (किती माल लागेल त्याचा हिशोब) लागतो तेव्हा ऑटो-राउटसारखं काही नाही. पाइप कुठून जाणार ते तेव्हा महत्त्वाचंच नसतं, किती टन आणि किती एल्बो एवढंच हवं असतं. वर थोडी टक्केवारी धरायची, झालं.

नवीनच_लागलोय
८ इंची लाइन, नॉझल ४०० मिमी बाजूला, ऑटो-राउट एरर देतोय. का?

भोसरीकर
८ इंची लाँग रेडियस (मोठ्या वळणाचा) एल्बो सेंटरपासून टोकापर्यंत ३०५ मिमी. दोन ९० डिग्रीचे पाठोपाठ लावले तरी ऑफसेट (लाइन बाजूला सरकते ते अंतर) ६१० च्या खाली येत नाही. दोन ४५ चे घे, मधे पाइपचा तुकडा टाक, बसेल. स्पेकमध्ये ४५ आहे का ते आधी बघ.