ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना संगणकाचे प्रशिक्षण नेमके कसे द्यावे?

कार्यवाह, तालुका ग्रंथालय

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह आहे. आमचा संग्रह तीस हजारांच्या घरातला असून त्यात मराठी पुस्तकांचाच भरणा आहे. ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई असे चार कर्मचारी आहेत. मागे देणगीतून दोन संगणक व बारकोड वाचणारे यंत्र घेतले आणि एका कंपनीकडून ग्रंथालयाची आज्ञावली बसवून घेतली. कंपनीच्या माणसाने दोन दिवस प्रशिक्षण दिले, म्हणजे पडद्यावर एकामागून एक खिडक्या उघडून दाखवल्या आणि कर्मचाऱ्यांनी वहीत टिपणे काढली. तो गेल्यावर आठवडाभरात देवघेव पुन्हा कार्डांवर आली.

कर्मचाऱ्यांना संगणक अगदीच येत नाही असे नाही. तिघांकडे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आहे आणि लिपिक पत्रव्यवहार संगणकावरच करतात. तरीही वाचक समोर उभा असताना यंत्राला हात लावायला कोणी धजत नाही. शिवाय शोध घेतला तर कपाटात दिसणारे पुस्तक पडद्यावर सापडत नाही, त्यामुळे त्यांचा विश्वासच उडाला आहे. आमचे सहायक ग्रंथपाल निवृत्तीला आले आहेत. कोणते पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे त्यांना न पाहता सांगता येते, पण संगणक आल्यापासून ते गप्प गप्प असतात. त्यांना प्रशिक्षणातून वगळावे असे काही संचालकांचे मत आहे, जे मला मुळीच पटत नाही. पुन्हा प्रशिक्षण ठेवायचे तर ते कोणी द्यावे, किती काळ द्यावे आणि सुरुवात कुठून करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

महाविद्यालयीन ग्रंथपाल, कोल्हापूर

कार्यवाह महोदय, आपल्याकडे प्रशिक्षण आज्ञावलीचे झाले, कामाचे झाले नाही, असे मला वाटते. एमएस-सीआयटीत शिकलेले कागदपत्र तयार करण्याचे कौशल्य उपयोगी आहेच, परंतु देवघेवीच्या टेबलावर संध्याकाळी सहा वाजता रांग लागलेली असताना चुकून एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर गेले तर ते परत कसे फिरवायचे, हे त्या अभ्यासक्रमात येत नाही, आणि भीती नेमकी तिथे असते.

म्हणून सुरुवात फक्त देवघेवीपासून करावी. तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांच्या नोंदी तयार करणे), अहवाल, अंदाजपत्रक या गोष्टींना पहिले काही आठवडे हातही लावू नये. कंपनीकडे सरावासाठी वेगळी प्रत लेखी मागून घ्यावी. ती मिळत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर कोहा बसवता येते. ही आज्ञावली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. सराव एका आज्ञावलीवर आणि काम दुसरीवर, अशी ओढाताण मात्र होते, हे लक्षात ठेवून तो मार्ग नाइलाजानेच धरावा.

सरावाच्या प्रतीत आपल्याच कपाटातील शंभरेक पुस्तके आणि कर्मचाऱ्यांचीच नावे सभासद म्हणून भरावीत, आणि मग मुद्दाम बिघाड करायला सांगावे. फाटलेल्या बारकोडचे पुस्तक परत घ्या, नोंदच नसलेले पुस्तक आले तर काय कराल ते दाखवा, वर्गणी थकलेल्या सभासदाला पुस्तक देऊन पाहा, चुकीची देवघेव रद्द करा. एकदा स्वतःच्या हाताने बिघडवून स्वतःच्या हाताने दुरुस्त केले, की माणूस टेबलावर निर्धास्त बसतो. हे मी अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

अमेरिकेत शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कृतींचा एक कार्यक्रम आखला होता. हेलेन ब्लोअर्स यांनी रचलेला हा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा होता, प्रत्येकाने आपापल्या गतीने कृती करून पाहायची आणि पूर्ण करणाऱ्याला गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र भेट मिळायचे. पुढे इतर देशांतील ग्रंथालयांनीही हा नमुना उचलला. त्यातील बरीच साधने आज मागे पडली आहेत, परंतु छोटी कृती, हाताशी असलेला वेळ आणि पूर्ण केल्याची दखल ही मांडणी आपल्या चार माणसांच्या ग्रंथालयातही जशीच्या तशी चालेल.

तालिकाकार, पुणे

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र पुस्तक कपाटात असून पडद्यावर सापडत नाही या तक्रारीकडे आधी पाहावे, कारण तो दोष बहुधा कर्मचाऱ्यांचा नसून नोंदींचा असतो. शोध फसत राहिला तर कितीही प्रशिक्षण दिले तरी माणसे कार्डांकडेच वळणार.

प्रथम नोंदी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आहेत की जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या आहेत ते तपासावे. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसले तरी संगणकाच्या लेखी ती वेगळीच चिन्हे असतात, आणि अशा नोंदी परिवर्तकातून काढून पुन्हा वाचून घ्याव्याच लागतात. पण युनिकोडमध्येही अडचणी आहेत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले आहे आणि दुसऱ्यात साध्या र ला पाय मोडून त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह दिले आहे. त्याचप्रमाणे ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टंकता येते आणि अ वर चंद्र देऊनही टंकता येते. आज्ञावलीत याची सोय केलेली नसेल, तर एका पद्धतीने भरलेले पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडत नाही. लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये कोणी जागा सोडतो, कोणी सोडत नाही, कोणी आडनाव आधी घालतो, कोणी नंतर. नोंदी भरण्याचे काम रोजंदारीवर दिले गेले असेल, तर हे सगळे प्रकार एकाच संग्रहात सापडतात.

यासाठी एका पानाचा नियमकागद करावा आणि तो दोन्ही संगणकांशेजारी चिकटवावा : कळफलक इन्स्क्रिप्टच (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी), आडनाव आधी, आद्याक्षरांमध्ये एक जागा, ऱ आणि ॲ ही अक्षरे स्वतंत्र कळीनेच. लेखकनावांची एक प्रमाण यादीही लागेल, कारण मराठीत टोपणनावाने कविता आणि मूळ नावाने नाटके लिहिणारे लेखक थोडेथोडके नाहीत. ती यादी करण्याचे काम आपल्या सहायक ग्रंथपालांकडे सोपवावे. कोणती दोन नावे एकाच व्यक्तीची आणि एकाच नावाचे दोन लेखक कोणते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? टंकायला लिपिक बसले तरी निर्णय त्यांचा असावा. संगणकाच्या कामात त्यांना मानाचे स्थान मिळेल आणि बोलता बोलता कळफलकावर हातही बसेल.

जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक नसतो, आणि परदेशी ग्रंथालयांतून तयार नोंदी उतरवून घ्याव्यात तर मराठी पुस्तकांची नावे तिथे बहुधा रोमन लिपीत असतात. तेव्हा या कामाला आडवाट नाही, नोंदी हातानेच सुधाराव्या लागतील.

देवघेव विभाग, नाशिक

मी टेबलावर बसणारी कर्मचारी आहे, म्हणून आमच्या बाजूने दोन गोष्टी मांडते. पहिली वेळेची. अनेक ग्रंथालये दुपारी बंद असतात आणि प्रशिक्षण हमखास त्या वेळेत ठेवले जाते. तो वेळ कामाचा धरला जाणार असेल तरच ठेवावे. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या माणसाची विश्रांती काढून घेऊन त्याला उत्साहाने शिका म्हणणे योग्य नाही. आठवड्यातून दोनदा एकेक तास, असे तीन-चार महिने सातत्याने चालले तर सलग दोन दिवसांच्या वर्गापेक्षा कितीतरी अधिक पदरात पडते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बडोद्यास आणले आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला. सेवकांना शिकवणे हा ग्रंथालय चालवण्याच्या खर्चाचाच भाग आहे, ही समज त्यामागे होती, आणि ती आजच्या संचालक मंडळांनीही बाळगावी असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट संकेतशब्दाची. सर्वांचा मिळून एकच संकेतशब्द ठेवू नये. प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश द्यावा, म्हणजे कोणी काय केले यावरून वाद होत नाहीत आणि शिपाईदादांनाही निदान पुस्तक परत घेण्यापुरता अधिकार देता येतो. सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि त्यांनी काय वाचले याची यादी कोणालाही पाठवायची नसते, हेही प्रशिक्षणात स्पष्ट सांगितले पाहिजे.

कार्यवाह, तालुका ग्रंथालय

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, मनःपूर्वक आभार. सरावाच्या प्रतीसाठी कंपनीला उद्याच पत्र देतो, आणि लेखकनावांच्या यादीबद्दल सहायक ग्रंथपालांशी मी स्वतः बोलेन. दुपारचा तास कामाच्या वेळेत धरण्याचा ठराव पुढील सभेत मांडणार आहे. एक शंका उरते : संगणकीय नोंदी सुधारल्यावर दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने लिहून ठेवण्याची वही, बंद करावी का?

तालिकाकार, पुणे

मुळीच बंद करू नये. वार्षिक तपासणीत ती पाहिली जाते, आणि संगणकातील नोंद बिघडली तर पडताळायला तीच हाताशी असते. उलट तिचा प्रशिक्षणात उपयोग करावा. प्रत्येक तासाला कपाटातून कोणतीही दहा पुस्तके काढावीत, दाखल क्रमांकावरून नोंदवहीतील ओळ आणि पडद्यावरील नोंद जुळवावी, आणि फरक दिसेल तिथे ज्याने तो शोधला त्यानेच दुरुस्ती करावी. आठवड्याच्या शेवटी सगळ्या नोंदींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क ग्रंथालयाबाहेर ठेवावी, आणि हे काम चौघांनी पाळीपाळीने करावे, म्हणजे ग्रंथपाल रजेवर असताना ते अडणार नाही.