मदत हवी आहे: डायलिसिसला जाताना ईव्हीत हीटर किती लावावा?

नमस्कार मंडळी. नंदगडहून बेळगावला बाबांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतंय, शिफ्ट सकाळची मिळालीय म्हणून पहाटे साडेपाचलाच निघतो. खानापूर सोडलं की धुकं, आणि डिसेंबर लागल्यापासून बाबांना गाडीत हुडहुडीच भरते. किडनीच्या पेशंटला थंडी तशीही जास्त वाजते, अंगात रक्त कमी असतंय ना. कानटोपी, स्वेटर, वरून आईची वाकळ असं सगळं गुंडाळून मागं बसवतो तरी पाय गार ते गारच.

गाडी इलेक्ट्रिक आहे, ३० युनिटची बॅटरी. आधीच्या डिझेल गाडीत हा प्रश्नच नव्हता, इंजिन तापलं की त्याचीच ऊब आत सोडायची. इथं मोटर तेवढी तापतच नाही म्हणून वेगळा पीटीसी हीटर (विजेवर तापणारा) दिलाय आणि तो बॅटरीतूनच ओढतो. चालू केला की स्क्रीनवरची रेंज (अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा) डोळ्यादेखत उतरते, आणि गाडी घेताना शोरूमवालेही जपून वापरा म्हणाले होते, म्हणून थोडा वेळ लावतो, परत बंद करतो, बंद केला की काचेवर वाफ धरते आणि बाबा मागं कुडकुडत बसतात. बोलत नाहीत ते, पण आरशात दिसतंय की.

दवाखान्यात पोचायच्या आधीच माणूस गारठलेला नको, एवढंच बघायचंय. वाटभर हीटर चालू ठेवला तर परत घरी येण्याएवढं चार्जिंग उरेल का? आणि काचेचं काय करायचं? कुणी वापरत असाल तर सांगा की.

प्रतिसाद १
अहो बिनधास्त लावा. हिशोब करून बघा, नंदगड-बेळगाव जाऊन-येऊन ऐंशीच्या आत. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर बारा-तेरा युनिट. पीटीसी हीटर सुरुवातीला तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, केबिन तापली की खाली येतो, म्हणजे सकाळच्या तासाभरात दोन-अडीच युनिट. परतताना ऊन असतंय, तेव्हा हीटर लागला तरी नावापुरता. ३० मधले पंधरा-सोळा गेले समजा, तरी निम्म्याच्या जवळपास उरतंय. स्क्रीन काय करते, आत्ता जेवढं खर्च होतंय तसंच पुढंही होणार असं धरते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत आकडा एकदम घसरतो. त्याच्याकडं बघून हीटर बंद करू नका.

निघायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, चार्जरची पिन लावलेली असतानाच ॲपवरून हीटर चालू करा. १५ अँपियरच्या सॉकेटमधून ३.३ किलोवॅटच्या आसपास मिळतं, हीटर खातो तेवढं भिंतीतून येतं आणि बॅटरी तशीच राहते. काही गाड्यांत चार्जिंग चालू असताना हे होत नाही, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. टेंपरेचर एकदम हायवर नको, २१-२२ पुरे. वाफेसाठी हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा आणि हीटरबरोबर एसी पण चालू ठेवा, हिवाळ्यात एसी कशाला असं वाटतं पण हवेतलं पाणी तोच काढतो.

प्रतिसाद २
बाबांना पुढं बसवा आणि हवा पायाकडं सोडा, मागच्या सीटपर्यंत ऊब लवकर पोचत नाही. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) असेल त्या हातावर वाकळीचा भार नको, स्वेटरची बाही पण घट्ट नको. शुगर आहे का त्यांना? असली तर १२ व्होल्टवर चालणारी गरम गादी मिळते ती किंवा गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. अशा पायांना चटका बसलेला कळत नाही आणि जखम भरायला महिने जातात. लोकरीचे सैल मोजे घाला.

धागाकर्ता
शुगर आहे, बरं झालं सांगितलंत, पिशवी घ्यायचीच म्हणत होतो. उद्यापासून पुढंच बसवतो. अजून एक, आमच्याकडं पहाटे लाईट कधी कधी नसते, तेव्हा काय करायचं?

प्रतिसाद १
मग बॅटरीवरच तापवा. पंधरा मिनिटांचं पाऊण युनिट, म्हणजे पाच किलोमीटर. तेवढे जाऊ देत.