सोलापूरच्या चित्रकारानं समुद्र रंगवावा का?

ओला कागद:
मी जलरंगात काम करतो, राहतो सोलापुरात. गेली आठ वर्षं हिवाळ्यात दहा-बारा दिवस मालवणला जातो, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची रेखाटनं करतो आणि घरी येऊन रंगवतो. मागच्या महिन्यात इथं चित्रं मांडली होती. एक ज्येष्ठ चित्रकार सगळी पाहून म्हणाले, "हात चांगलाय, पण समुद्र तुझा नाही. माग रंगव, दुष्काळ रंगव." मला हे पटलेलं नाही. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलोय मी. एवढं पाणी समोर दिसलं की अजूनही थोडा वेळ हात चालत नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, त्यांना कुणी चंद्रभागाच रंगवा म्हणालं का?

माळरान:
ज्येष्ठांचं बरोबर आहे. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत त्या शहराचे झाले. तुम्ही दहा दिवसांचे पाहुणे. पाहुण्याला होडी, नारळ आणि मावळतीच दिसते. पाणीच पाहिजे तर उजनी आहे की ओ! पाणी ओसरलं की काठच्या गाळात रोहित पक्षी उतरतात, पहाटे भोई जाळी काढतात. हिप्परगा तलाव तर शहराला लागूनच. ते कोण रंगवणार?

ओला कागद:
मावळतीचं एकही चित्र नव्हतं त्यात. तिथली हवा दमट, एक हात दिला की कागद वाळता वाळत नाही. इथं एप्रिलमध्ये ब्रश उचलेपर्यंत कडा वाळलेली असते. म्हणून तिथं फक्त पेन्सिल आणि टिपणं: 'ओली वाळू, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा), कोरडीपेक्षा बरीच गडद'. फोटो काढत नाही. घरी पहाटे खिडकीला ओलं पोतं लावून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, देतो. आठवून काढावं लागतं, त्यामुळे जे मनात रुतलं नव्हतं ते चित्रात येतच नाही.

रंगशाळा:
रंगवायला माझी हरकत नाही, घरी आठवून रंगवण्याला आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७० मध्ये फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेल्या चित्राच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा अडकलेला सापडलाय. वाऱ्यानं चित्रात हात घातला पाहिजे. कागद वाळत नाही ना, मग न वाळणारं चित्र काढा!

माळरान:
आणि राहा तिथं. विन्स्लो होमर हा अमेरिकी चित्रकार १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या कलरकोट्स या मच्छीमार गावात गेला तो पुढच्या वर्षापर्यंत राहिला. त्यानंतर त्याच्या चित्रातली माणसं बदलली. दहा दिवसांत काय बदलणार?

रापणकर:
मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे सोलापुरात. चित्रं पाहिली. बाहेरच्यानं समुद्र काढू नये असं मला अजिबात वाटत नाही. पण तुमची सगळी माणसं पाठमोरी आहेत. रापणीत होडी अर्धगोल जाळं टाकून येते, किनाऱ्यावरून दोन गट दोन्ही टोकं ओढतात, तेवढंच तुम्ही काढलंत. पुढं मासळीचे वाटे होतात. कुणाला किती यावर आवाज चढतात, जाळ्यातली बारीक मासळी वेचायला पोरं वाकलेली असतात. खरी रापण तिथं आहे. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या, पडवीत जाळी विणणं चालू. तेव्हा कुणी चित्रकार फिरकत नाही. पावसात या.

ओला कागद:
पाठमोरी का, ते सांगतो. समोर उभं राहायची भीड वाटायची. माणूस दोरी ओढतोय आणि आपण त्याचा चेहरा न विचारता कागदावर घ्यायचा, हे आठ वर्षांत जमलं नाही मला. तुमचं म्हणणं लागलं. जूनमध्ये जातो, महिनाभर. जलरंग वाळणार नाहीत, म्हणून कोळशाच्या कांड्या नेतो.

माळरान:
जा. माझं मत अजून तेच आहे. उजनीचं काय?

ओला कागद:
उन्हाळ्यात गाळ उघडा पडला की येतो. समुद्र मात्र सोडणार नाही.