मदत हवी आहे: पांढरी होडी कोरी, डोलकाठ्यांचा गुंता

खलाशीबुवा:
बंदरातले कृष्णधवल फोटो. एचपी५ प्लस ४०० फिल्म, ५० मिमी लेन्स, कॅमेऱ्यातलाच मीटर. आयडी-११ डेव्हलपर १+१ (तेवढंच पाणी घालून), २० अंश, १३ मिनिटं. स्कॅनमध्ये पांढऱ्या होडीची बाजू साफ कोरी, आभाळही तसंच. मागच्या डोलकाठ्या एकमेकींत गुंततात. नेटवर टाकला की दोरखंडांना दातरे पडतात. सुरुवात कुठून करू?

फायबरप्रेमी:
निगेटिव्हपासून. उजेडावर धरून भिंगातून बघा, होडीच्या फळ्यांचे सांधे दिसतात का? दिसत असतील तर फिल्ममध्ये सगळं आहे, स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर ते कापतंय. ते बंद करा, १६-बिट ग्रेस्केल घ्या, हिस्टोग्रामच्या (काळ्या-पांढऱ्या टोनच्या आलेखाच्या) दोन्ही टोकांना थोडी जागा सोडा. स्कॅन मचूळ दिसेल, दिसू द्या. काँट्रास्ट नंतर फोटो-एडिटरच्या कर्व्हजमध्ये चढवता येतो. इन्फ्रारेड धूळसफाईही बंदच ठेवा. फिल्मवरची चांदी ते किरण अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

सांधे दिसत नसतील तर मीटर फसलाय. चौकटीत काळं पाणी जास्त असलं की तो एक्स्पोजर वाढवतो. सावलीतल्या ज्या भागात तपशील हवा, त्याचंच जवळून रीडिंग घ्या आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). रोल कडक उन्हातला असेल तर डेव्हलपिंग १३ ऐवजी ११ मिनिटं.

खलाशीबुवा:
सांधे दिसताहेत! मग आभाळासाठी लाल फिल्टर घेऊ का?

काळंपांढरं:
लाल जपून. निळं आभाळ काळवंडतं ते ठीक, पण लाल होडी पांढुरकी आणि निळी काळीकुट्ट होते. शिवाय तीन स्टॉप जातात. केशरीला दोन, उन्हात ४०० फिल्मवर एफ/११ ला १/२५० सेकंदाचा शटर मिळतो. तेवढा वेग हवाच, ट्रायपॉड लावला म्हणून होडी थोडीच डुलायची थांबते? ढगाळ पांढऱ्या आभाळावर मात्र कुठलाच फिल्टर चालत नाही, तिथे आभाळच कमी घ्या.

डोलकाठ्यांसाठी ओहोटी बघा. होड्या धक्क्याच्या खाली उतरतात. वरून घेतलं की काठ्यांमागे बरंचसं पाणी येतं, मागच्या काठ्यांची गर्दी वर सरकते. पुढून नांगरलेली होडी वारा-प्रवाहाबरोबर फिरते, त्यामुळे दोन काठ्यांमधली फट उघडते-मिटते. आधी दोन पावलं बाजूला सरका, मग फट उघडेपर्यंत थांबा.

फायबरप्रेमी:
दातऱ्यांचं राहिलं. आधी लहान करा (लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरे), शार्पन त्यानंतर, तेही त्रिज्या ०.३ ते ०.५ ठेवून. जेपेग एसआरजीबीतच (नेटवरच्या नेहमीच्या रंग-प्रोफाइलमध्ये) काढा. ग्रे प्रोफाइल राहिलं तर काही ठिकाणी टोन बदललेले दिसतात.